फ्लॉपीतला कारखाना

आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर यायच्या आधीपासून प्रोग्राम होता. प्रोग्राम म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा याचा क्रम. तो शेतकी खात्यात तयार व्हायचा, संचालक मंडळाच्या बैठकीत मोडायचा आणि तोडणी सुरू झाली की रस्त्यावर पुन्हा तयार व्हायचा. त्यामुळं ‘प्रोग्राम करणारं मशीन येणार’ असं चेअरमननी वार्षिक सभेत जाहीर केलं तेव्हा अर्ध्या सभासदांना वाटलं, आता भांडायला माणूसच उरणार नाही. उरलेल्या अर्ध्यांना वाटलं, त्या मशीनला सांगणारं कुणीतरी असणारच, त्याला गाठलं पाहिजे. दुसऱ्या अर्ध्यांचं बरोबर होतं. सांगणारी मी होते.

मी उमरग्याची. वडील सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा बांधणारे. हायवेवर ट्रक उलटला की त्यांना जेवता जेवता उठावं लागायचं. मी गणितात बी.एस्सी. केलं, सोलापुरात कॉम्प्युटरचा एक कोर्स केला आणि पेपरातली जाहिरात बघून अर्ज टाकला. मुलाखतीत चेअरमननी एकच प्रश्न विचारला.

“मशीन अडलं तर काय करता?”

“बंद करून पुन्हा चालू करते, साहेब.”

चेअरमननी शेजारच्या संचालकांकडं बघितलं. “संचालक मंडळाला असं करता आलं असतं तर लई बरं झालं असतं,” म्हणाले आणि मला नोकरी लागली.

पहिल्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांनी मला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. मी तिन्ही उत्तरं दिली. माझ्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलून बुद्धाला जवळ केलं, त्याला तेव्हा तीस-एक वर्षं झाली होती, पण प्रश्न विचारायची पद्धत बदलली नव्हती. त्यांना जे हवं होतं ते कळलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. चहा आला की आधी माझ्याकडं सरकवायचे. फक्त माझा कप वेगळ्या रंगाचा होता. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. पुढं तो कप फुटला आणि दुसरा कुणी आणला नाही.

कॉम्प्युटरची खोली ऑफिसच्या मागच्या अंगाला होती. मशीनला गरम सोसत नाही म्हणून तिथं एसी बसवला होता. आसपासच्या पंचवीस-तीस गावांत दुसरा एसी नव्हता. पाऊस जाऊन दुसरं वर्ष होतं. ऑक्टोबरातही उन्हाचे चटके बसत होते, कारखान्याच्या तळ्यात गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि त्या खोलीत आलेला संचालक लवकर उठत नसे. बाहेर चपला काढायच्या असा नियम मी केला होता, धुळीसाठी. लोकांनी तो देवळासारखा पाळला. आमचे एक लिंगायत संचालक होते, कापडाचे व्यापारी. ते आले की कपाळावरची विभूती बोटाला घेऊन मॉनिटरच्या कडेला लावायचे. मी ती संध्याकाळी फडक्यानं पुसायचे. सकाळी ते पुन्हा लावायचे. यात दोघांचाही राग नव्हता.

मॉडेल आणलं ते पुण्याच्या साहेबांनी. ते एका संस्थेत इंजिनियर होते. त्यांनी फळ्यावर चौकोन काढून समजावलं, की हा खरा कारखाना नाही, गणितातला कारखाना आहे. कुठल्या गावात किती ऊस उभा आहे, रोज किती वाळतो, तोडणीच्या टोळ्या किती, गाड्या किती, मिल दिवसाला किती गाळते, हे सगळं आत लिहिलेलं. तुम्ही गावांचा क्रम द्या, मशीन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हंगाम चालवून दाखवतं. किती साखर निघाली, किती ऊस उभ्या उभ्या वाळला, ते छापून देतं.

“म्हंजी कारखाना न चालवता हंगाम संपणार?” ईट गावच्या संचालकांनी विचारलं.

“कागदावर,” साहेब म्हणाले.

“कागदावर तर आमी दरसाल संपवतो.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी फ्लॉप्यांचा डबा माझ्या हातात दिला, आज्ञांची एक फाइल करून दिली, ती कशी सुरू करायची ते दाखवलं आणि पुण्याला गेले. ती फाइल सुरू केली की मशीन एकामागून एक आज्ञा आपोआप पाळत जायचं. माझं काम एवढंच, की मशीननं फ्लॉपी मागितली की ती घालायची.

अडचण अशी होती, की ते मॉडेल फोर्ट्रान नावाच्या भाषेत लिहिलेलं. माणसाला ती वाचता येते, मशीनला येत नाही. म्हणून आधी तिचं मशीनच्या भाषेत भाषांतर करावं लागतं. त्याला कंपाइल करणं म्हणतात. आमच्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती, फ्लॉपीच्या दोन खाचा होत्या. कंपाइल करायचं म्हणजे एक फ्लॉपी घाला, ती करकरत वाचू द्या, काढा, दुसरी घाला, मग जोडणीची तिसरी, मग पुन्हा पहिली. साहेब पुण्यात रोज मॉडेलमध्ये काही ना काही बदलत असत, म्हणून त्यांनी आज्ञांची फाइल अशी केलेली, की प्रत्येक वेळी सगळं भाषांतर पहिल्यापासून करायचं, मग हंगाम चालवायचा आणि शेवटी, फ्लॉपीवर जागा मोकळी व्हावी म्हणून, केलेलं भाषांतर पुसून टाकायचं. भरीस भर म्हणजे गावांचा क्रमही मॉडेलच्या पोटातच लिहिलेला. एक गाव पुढं-मागं केलं की पुन्हा सगळं भाषांतर.

प्रत्यक्ष हंगाम चालायला थोडा वेळ लागायचा. भाषांतराला मात्र त्याच्या कितीतरी पट लागायचा. आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिली फ्लॉपी.

प्रोग्रामसाठी बैठका सुरू झाल्या. मी मशीनसमोर, मागं खुर्च्या टाकून संचालक. ईटचे संचालक म्हणायचे, आमचा गट पहिला घालून बघा. मी क्रम बदलायची, फाइल सुरू करायची आणि आम्ही सगळे करकर ऐकत बसायचो. चहा यायचा. कुणीतरी दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीचा विषय काढायचा, कुणाच्या विहिरीला किती हात पाणी उरलं ते निघायचं. असं बोलता बोलता येरमाळ्याचे संचालक ईटच्यांना म्हणायचे, “तुमच्या माळावरच्या उसाला पाणी न्हाय, खरं हाय. मग माळावरचा तेवढा घ्या आधी. खालचा ऱ्हाऊ द्या.” ईटचे म्हणायचे, “चाललं.” तेवढ्यात वीज जायची. मशीननं उत्तर दिलेलं नसायचं, पण बैठकीत एक गोष्ट मिटलेली असायची. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला फक्त वाट बघण्याची शरम वाटत होती. मोठमोठी माणसं माझ्या पाठीमागं बसून माझ्या पाठीकडं बघायची.

एकदा चेअरमन एकटेच आले. मी फ्लॉपी बदलत होते.

“आत काय चाललंय ह्याचं?”

“भाषांतर, साहेब.”

“ते काल झालं की.”

“कालचं पुसलं जातं.”

“कोण पुसतं?”

“साहेबांची शेवटची आज्ञा तशी आहे.”

चेअरमननी टेबलावरची फ्लॉपी उचलून बघितली. “म्हंजी रोज चूल मांडायची, एक भाकर भाजायची अन् चूल मोडायची.”

“हो.”

“न मोडता येतं का?”

मी म्हटलं येतं. मॉडेलचं भाषांतर एकदाच करून तयार ठेवायचं, वेगळ्या फ्लॉपीवर. गावांचा क्रम आणि बाकीचे आकडे मॉडेलच्या पोटातून बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवायचे. मग क्रम बदलला तरी मॉडेलला हात लावायला नको. तयार मॉडेल ती फाइल वाचेल आणि थेट हंगाम चालवेल. आठ दिवसांपासून माझ्या मनात हेच होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

“मग करा,” ते म्हणाले. “पण पुण्याच्या साहेबांला इचारा. त्यांची वस्तू हाय.”

पुण्याला ट्रंक कॉल लावला. लागला तो तिसऱ्या प्रहरी. माझ्या हातात एक रिसीव्हर आणि शेजारच्या टेबलावर दुसरा शेतकी अधिकाऱ्यांच्या कानाला. लाइन तुटत होती. मी ओरडून सगळं सांगितलं. पलीकडून साहेबही ओरडून काही म्हणाले आणि फोन बंद पडला.

मला ऐकू आलं, “हात घालू नका, थांबा.” शेतकी अधिकाऱ्यांना ऐकू आलं, “हात घाला, नका थांबू.” त्यांना त्या बैठका नकोशा झाल्या होत्या.

आम्ही दोघं चेअरमनकडं गेलो. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. “तुमी लहान हाव, ताई,” ते मला म्हणाले. “हे वयानं मोठे. मोठ्यांचा मान ठिवला पाहिजे.” आणि परवानगी मिळाली.

मॉडेलच्या पोटातले आकडे बाहेर काढायला चार-पाच दिवस गेले. मॉडेल साहेबांनी चांगलं लिहिलं होतं, पण घाईत लिहिलं होतं. आकडे कुठंही होते. मिलची क्षमता एका ठिकाणी, टोळ्या दुसरीकडं, उसाच्या वाळण्याचा दर तिसरीकडं. मी सगळेच बाहेर काढले. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा याचा विचार करण्यापेक्षा ते सोपं होतं. मग एकदाच कंपाइल केलं आणि तयार झालेलं मॉडेल कोऱ्या फ्लॉपीवर घेतलं. जुन्या मॉडेलला आणि नव्याला एकच क्रम देऊन बघितलं. पहिल्यांदा नव्या हंगामात येरमाळ्याचा सगळा ऊस शेजारच्या गटात जाऊन पडला, कारण माझ्या फाइलीत एक आकडा एक घर उजवीकडं सरकला होता. तो दुरुस्त केला. दोन्ही छापील कागद खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले. तंतोतंत जुळले.

मला फार आनंद झाला. खोलीत कुणी नव्हतं. मी उठून चपला न घालता बाहेर व्हरांड्यात गेले, पाय पोळले, परत आत आले.

पुढच्या बैठकीत ईटच्या संचालकांनी क्रम सांगितला आणि त्यांच्या चहाच्या पहिल्या घोटाला प्रिंटर वाजायला लागला. ते दचकले. मी कागद फाडून हातात दिला.

“झालं?”

“झालं.”

“मग आता दुसरं घाला.”

त्या दिवशी प्रिंटर थांबला नाही. ईटच्यांना पहिला नंबर हवा होता, येरमाळ्याच्यांना निदान दुसरा. लिंगायत संचालकांची सासुरवाडी सीमेपलीकडची आणि मी उमरग्याची, म्हणून त्यांना माझ्या कानड्यावर भरवसा होता. ते पुढं वाकून हळूच म्हणाले, “नम्दु मोदलु हाकव्वा.” आमचं आधी घाल गं. खोलीतल्या दुसऱ्या दोघांना कानडी येत होतं. त्यांनी मान वळवली. लिंगायत संचालक एसीच्या गारव्याबद्दल मराठीत बोलायला लागले.

प्रत्येकाच्या हातात आपापला कागद आला. प्रत्येकाचा कागद त्याचंच बरोबर म्हणत होता, कारण ज्याचं गाव आधी, त्याचा ऊस कमी वाळत होता. आता कुणी कुणाशी बोलतच नव्हतं. सगळे माझ्याशी बोलत होते. पूर्वी मशीनची करकर ऐकता ऐकता ज्या गोष्टी मिटायच्या, त्या मिटायला आता वेळच राहिला नव्हता. शेवटी ईटच्या आणि येरमाळ्याच्या संचालकांनी एकमेकांचे कागद हिसकून घेतले आणि त्यातला एक फाटला. प्रिंटरचा कागद संपला म्हणून बैठक संपली.

सगळे गेल्यावर चेअरमन म्हणाले, “ताई, हे जरा हळू न्हाय का करता येत?”

“येतं, साहेब.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “नको. एकदा तोंडाला लागलं की लागलं.”

मग त्यांनीच ठरवलं, की खोलीत संचालकांनी यायचं नाही. सगळ्यांनी आपापले क्रम एकदाच सांगायचे, मी सगळे एका दमात चालवायचे आणि निकाल एकत्र मांडायचे. एसीपासून तोडल्याचा राग संचालकांना निकालापेक्षा जास्त आला.

मी आज्ञांची नवी फाइल केली. पहिला क्रम उचल, हंगाम चालव, निकाल ठेव, दुसरा उचल. दुपारी वीज टिकायची तेव्हा ती सुरू करायची आणि बाजूला बसायचं. मी डबा खायची. भाकरी संपेपर्यंत फ्लॉपीवर एक-दोन हंगाम सुरू होऊन संपलेले असायचे. ना भोंगा, ना मळीचा वास, ना कुणाच्या बैलाचा पाय मोडलेला.

सगळे क्रम दोनच दुपारींत उरकले. तिसऱ्या दुपारी वीज होती आणि मला काम नव्हतं. आधी एकेका उत्तराला इतका वेळ लागायचा, की उगीचचा प्रश्न विचारायची कुणाची छाती व्हायची नाही. आता मी उगीचचे प्रश्न विचारत बसले. गाड्या जास्त असत्या तर? टोळ्या कमी आल्या तर? बाहेर काढलेल्या आकड्यांत एक आकडा हंगाम सुरू होण्याच्या तारखेचा होता. साहेबांनी त्यात मागच्या वर्षीची तारीख टाकली होती आणि इतक्या भांडणात तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. मी ती तीन आठवडे अलीकडं घेतली आणि फाइल सुरू केली.

आलेला कागद बघून मला वाटलं पुन्हा आकडा घर सरकला. सगळं तपासलं. चूक नव्हती. गावांचे क्रम कितीही उलटसुलट केले तरी सगळ्या कारखान्याची साखर थोडीशीच इकडं-तिकडं होत होती. एकाचं वाचायचं ते दुसऱ्याचं वाळायचं. पण गाळप लवकर सुरू केलं तर सगळ्यांचाच वाळणारा ऊस डोळ्यांत भरेल इतका कमी होत होता. कोवळ्या उसाचा साखर उतारा कमी पडतो, तो कमी धरूनसुद्धा.

मी कागद घेऊन शेतकी अधिकाऱ्यांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

“हंगाम सुरू व्हायची तारीख कोण ठरवतं?” मी विचारलं.

“मंत्री.”

“त्यांनी कुठली दिली?”

“दिलेली न्हाय अजून.”

“मग?”

“म्हणून तर ठरलेली न्हाय.”

सरकारची परवानगी हातात होती. बॉयलर दसऱ्याला पेटवून झाला होता. टोळ्या आठवड्यापासून येऊन पालं ठोकून बसल्या होत्या. अडलं होतं ते उसाची पहिली मोळी मंत्र्यांच्या हातून गव्हाणीत पडायची म्हणून. गव्हाण म्हणजे मिलमध्ये ऊस टाकतात तो हौद. मंत्र्यांच्या पीएला चेअरमननी माझ्यासमोर फोन लावला. मंत्रीसाहेब दिल्लीत होते. आल्यावर कळवतो म्हणाला.

संचालकांची बैठक बोलावली गेली, ती एसीच्या खोलीतच. मी उभी राहून जुन्या आणि नव्या तारखेचे दोन कागद वाचून दाखवले. मग येरमाळ्याचे संचालक म्हणाले, “म्हंजी आमी एवढं भांडलो ते...” आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

चेअरमन म्हणाले, “सोमवारी चालू करू. मंत्र्यांची वाट बघायची न्हाय.”

“अन् मोळी कोण टाकणार?”

सगळ्यांनी छताकडं बघितलं. एरवी त्या मोळीच्या फोटोत यायला माणसं एकमेकांच्या पायावर पाय द्यायची. पण मंत्र्यांच्या जागी उभं राहून मोळी टाकली हे उद्या मुंबईला कळणार होतं. तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याला पुढच्या निवडणुकीत तिकीट हवं होतं.

लिंगायत संचालकांनी घसा साफ केला. “तारीख हिनं काढली. हिच्याच हातनं हूं द्या.”

मला आधी कळलंच नाही की ‘हिनं’ म्हणजे मी. ईटचे संचालक सावकाश म्हणाले, “मुहूर्ताचं काम हाय. बाईमाणूस, अन्...”

ते ‘अन्’वर थांबले. पुढं काय होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. मी हातातल्या कागदाच्या कडेची भोकं बघत होते.

“अन् काय?” चेअरमननी विचारलं.

“काय न्हाय.”

“न्हाय कसं. अडचण असंल तर तुमी टाका. म्या सोता मंत्र्यांना फोन करून सांगतो, ईटच्या संचालकांनी टाकली म्हणून.”

ईटचे संचालक माझ्याकडं वळले. “ताईच बऱ्या,” म्हणाले.

असा ठराव एकमतानं झाला.

रविवारी मी उमरग्याला गेले. वडिलांना सांगितलं. ते पाटावर बसून भाकरी कुस्करत होते. आई एकदम म्हणाली, “अगं बया, मंत्र्याची मोळी?” वडिलांनी सगळं नीट विचारून घेतलं, कोण काय म्हणालं, कोण कुठं बसलं होतं. मी ‘अन्’चंही सांगितलं.

“म्हंजी त्यांना भ्या वाटलं म्हणून तुला पुढं केली.”

“व्हय.”

“चेअरमननं बी?”

मी विचार केला. “अर्धं तसं, अर्धं न्हाय.”

त्यांनी कालवलेली भाकरी संपवली, हात धुतला. “अर्धं लई झालं,” म्हणाले. “म्या येतो.”

सोमवारी ते दवाखान्याच्या ड्युटीचा पांढरा शर्ट घालून आले. दुसरा इस्त्रीचा नव्हता. कारखान्याच्या दारात दोन जणांनी त्यांना डॉक्टर समजून दुखणं सांगितलं. त्यांनी एकाला मलम सांगितलं आणि एकाला कळंबच्या दवाखान्यात जायला सांगितलं.

गव्हाणीजवळ फुलांच्या माळा बांधल्या होत्या. मंत्र्यांसाठी मांडलेला सोफा तसाच रिकामा होता, त्यावर कुणी बसलं नाही. पुजाऱ्यानं मंत्र म्हटले. नारळ द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं तो माझ्या हातात न देता समोरच्या फळीवर ठेवला. मी उचलला. वडील बघत होते. मी जोरात आपटला, तो एका दणक्यात फुटला आणि पाणी पुजाऱ्याच्या धोतरावर उडालं. ते मी मुद्दाम केलं नव्हतं. केलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं.

मोळी वाढ्यासकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट, बांधलेली होती आणि मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होती. माझ्यानं ती कमरेच्या वर जाईना. मागं ऊसतोडीची माणसं उभी होती. त्यांतली एक बाई, बीडकडची, पुढं आली आणि मोळीला खालून खांदा दिला. “पदर खोच आधी,” मला म्हणाली. “गव्हाणीत आडकला तर साखर व्हईल तुझी.” मी पदर खोचला. दोघींनी मिळून मोळी ढकलली. ती खाली पडली, साखळीनं तिला ओढलं, चाकू फिरायला लागले, आणि भोंगा झाला. वाढ्यानं मनगटावर बारीक बारीक चरे पडले होते. वडिलांनी खिशातून कापसाची पुडी काढली आणि सगळ्या संचालकांसमोर माझी मनगटं पुसली.

“कुणी काय बोललं का?” त्यांनी हळू विचारलं.

“न्हाय.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि दुपारच्या एसटीनं परत गेले.

मंत्री चिडले, असं आम्हाला कळवण्यात आलं. पुण्याचे साहेब महिन्याभरानं आले, तयार मॉडेल चालताना बघितलं. मग म्हणाले, “मी फोनवर थांबा म्हटलं होतं.” शेतकी अधिकारी म्हणाले, “लाइन खराब होती.” साहेबांनी जाताना त्या फ्लॉपीची प्रत मागितली. मी दोन दिल्या, एक बिघडते म्हणून.

हंगाम लवकर सुरू झाला तसा लवकर संपला. फ्लॉपीतल्यापेक्षा खरा कारखाना जरा मागं राहिला, कारण फ्लॉपीत मिलचा पट्टा तुटत नव्हता. तरी भीती होती तेवढा ऊस वाळला नाही. डोंगराकडच्या गावांचा जो उरला, त्यात रस नव्हताच. तो तोडून जनावरांच्या छावणीला द्यायचं ठरलं.

फेब्रुवारीत चेअरमन खोलीत आले, चपला काढून बसले. “ताई, तुमच्या त्या हंगामात मिलच्या जागी छावणी घालता येती का? उरलेला ऊस जनावरांला कुठवर पुरंल?”

मी म्हटलं येते, पण यावेळी आकडे बदलून भागणार नाही, मॉडेलच बदलावं लागेल. पुन्हा कंपाइल करावं लागेल, वेळ जाईल.

“जाऊ द्या. मिल बंद हाय. मला कुठं जायचंय?”

छावणी कारखान्याच्या मागच्या माळावर होती. मी दोन दिवस तिथं जाऊन जनावर दिवसाला किती खातं ते विचारत फिरले. लोक आधी खरं सांगायचे नाहीत. त्यांना वाटायचं सरकारी माणूस चारा कमी करायला आलाय. मग त्यांतल्या एकीनं मला मोळी टाकताना बघितलेलं निघालं आणि लोक बोलायला लागले. मी मॉडेल बदललं, फ्लॉप्या घातल्या, काढल्या. चेअरमन खुर्चीत बसून करकर ऐकत होते. त्यांचा डोळा लागला. प्रिंटर वाजला तेव्हा जागे झाले.

“काय म्हणतंय?”

“मृगापर्यंत पुरतो.”

“अन् मृग लांबला तर?”

“नाही पुरत.”

त्यांनी कागद घेतला नाही. “शेजारच्या कारखान्याला इचारतो, वाढं देत्यात का,” म्हणाले आणि चपला घालून भर उन्हात जीपकडं गेले. शेजारचा कारखाना म्हणजे त्यांचे सख्खे राजकीय वैरी. तिथं ते काय बोलले ते मला माहीत नाही. चार दिवसांनी वाढ्याचे दोन ट्रक माळावर येऊन उभे राहिले, आणि नंतरही येत राहिले.

पाऊस त्या वर्षी नेमका कधी आला ते मला आठवत नाही. छावणी मोडली ती सकाळ आठवते. लोक खुंट्या उपटत होते, दोऱ्या गुंडाळत होते. जनावरं हाडकुळी होती पण आपल्या पायांनी चालत होती. मी व्हरांड्यात उभी होते. ईटकडची एक म्हातारी म्हैस घेऊन जाताना फाटकाशी थांबली आणि मला म्हणाली, “पोरी, सावलीला बांधलेलं गोणपाट तिथंच राह्यलंय, कुणी नेऊ नगं म्हणून सांग, म्या सांजंला येते.” मी जाऊन ते सोडून आणलं, झटकलं आणि घडी करून कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर ठेवलं.

ती संध्याकाळी आली आणि घेऊन गेली.